चार सेकंदांच्या आत

३ तारीख, मंगळवार

फिजिओ बाईंनी ही वही दिली. म्हणाल्या, रोज लिहीत जा. किती झोपलास, काय खाल्लंस, कुठे दुखतंय, डोक्यात काय चाललंय. मी म्हटलं, "बाई, पाय बिघडलाय माझा, अक्षर नाही." त्या हसल्या नाहीत. "मी वाचणार नाही, तुझ्यापाशीच ठेव," म्हणाल्या. मग लिहायचं कशाला, ते विचारायचं राहून गेलं.

तर लिहितो. झोप सात तास. उजवा पाय ठीक, डावा ठीक. मांडीचा स्कॅन दोनदा झाला, दोन्ही वेळा स्वच्छ. कुठेही दुखत नाही. फक्त पळता येत नाही.

म्हणजे पळतो. सगळेच पळतात. पण मी फुटबॉलमध्ये उजव्या विंगेवर खेळतो, आणि विंगवाल्याकडे वेग नसेल तर त्यानं मैदानावर उभं राहून काय रहदारी सांभाळायची? सीझन सुरू झाला तेव्हा तीस मीटर मी तीन ब्याण्णवमध्ये मारायचो. चार सेकंदांच्या आत येणारा अख्ख्या क्लबात मी एकटा. गेल्या शुक्रवारी चार एकतीस आले. आमचा गोलकीपर चार चाळीसमध्ये पळतो, आणि त्याला सगळे कपाट म्हणतात ते काही उगाच नाही.

सर दर शुक्रवारी तीस मीटरला घड्याळ लावतात. आज त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. "राजे, सत्तावीस तारखेला टीमच्या बावीस जणांची यादी लागणार. विंगवर मला चारच्या आतला माणूस हवा. जमत नसेल तर आत्ताच सांगा, काडी तयार आहे." काडी म्हणजे दुसऱ्या फळीतून वर आलेलं अठरा वर्षांचं पोरगं. मला भाऊ म्हणतं आणि माझ्या आधी बॉलपाशी पोचतं.

यादीत नाव नसलं तर काय? एकवीस वर्षांचा घोडा, दहावी नापास. लाकडाच्या गिरणीत बाबांची जागा रिकामी पडलीय, तिथे फळ्या उचलायला जावं लागेल.

६ तारीख, शुक्रवार

चार तेहतीस. सरांनी घड्याळ झटकून पाहिलं, जणू काही दोष त्याचाच. काडी चार शून्य चार.

ड्रेसिंग रूममध्ये काडी शेजारी येऊन बसला. "भाऊ, टेन्शन नका घेऊ. होतं असं." त्याच्या आवाजात कीव होती. माझं टाळकं सटकलं. हातात बूट होता, तोच त्याच्या तोंडावर हाणला. तळाचा स्टड भुवईत घुसला. रक्त बाकावर, टॉवेलवर, माझ्या मोज्यांवर. दुसऱ्यांदा हात उचलला तेवढ्यात कपाटानं मला मागून मिठी मारून उचललं आणि भिंतीला दाबून धरलं. बरगड्या कडकडल्या माझ्या.

काडीला चार टाके पडले. सरांना त्यानं सांगितलं, लॉकरच्या दारावर आपटलो. मी सांगायला लावलं नव्हतं, आपणहून सांगितलं. माफी मागायला हवी होती. दारापर्यंत गेलोसुद्धा, पण जीभच वळेना. हात बाबांचा आलाय माझ्याकडे, जीभही त्यांचीच आलीय.

८ तारीख, रविवार

मॅच हरलो, तीन-शून्य. त्यांच्या डाव्या डिफेंडरनं मला पहिल्या दहा मिनिटांत दोनदा आडवा केला. तिसऱ्यांदा घोट्यावर पाय ठेवून उभाच राहिला, अगदी बसस्टॉपवर उभा असल्यासारखा. रेफ्री पाठमोरा. मी उठलो, पळायला गेलो, आणि पाय जे जड झाले ते झालेच. पन्नासाव्या मिनिटाला सरांनी मला बाहेर काढलं. गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "आजोबा, सावकाश उतरा!"

घरी आलो. आई इस्त्रीला उभी होती. लाँड्रीचे कपडे ती आता घरीच आणते, बाबांकडे बघायला हवं म्हणून. इस्त्री फिरवताना गुणगुणत होती. आई गुणगुणते हे मला एकवीस वर्षांत माहीत नव्हतं. धाकटी बहीण जमिनीवर पसरून गणितं करत होती आणि मध्येच कशाला तरी खो खो हसली. बारा वर्षांची झाली, पण घरात इतक्या मोठ्यानं हसताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. मला ते काही बरं वाटलं नाही. बाबा आजारी आणि या दोघींचं हे असं.

बाबांना झटका येऊन आज सात आठवडे झाले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत असतात. मी रोज त्यांचा हात वर-खाली करून घेतो, पन्नास वेळा. आई म्हणते, "पुरे रे, दुखतं त्यांना." दुखू दे. उठून उभे राहिले पाहिजेत. घरात इतकी शांतता झालीय की माझे कान दुखतात.

९ तारीख, सोमवार

बाईंनी विचारलं, "पळायला कुणी शिकवलं तुला?" मी म्हटलं, बाबांनी. खोटं नाही. एकदा पेपरवाल्यालाही मी हेच सांगितलं होतं, त्यानं छापलंही होतं.

गिरणीतल्या मशिनचा एक जुना पट्टा बाबांनी घरी आणलेला. कापडी रबराचा, दोन बोटं रुंद, हातभर लांब. दारामागे खिळ्याला असतो. संध्याकाळी जिन्यात बाबांची पावलं वाजली की मी पावलांवरून ओळखायचो आज काय आहे ते. खिळ्याचा आवाज आला रे आला की मी सुटायचो. तीन मजले, चोपन्न पायऱ्या, तीन तीन एका उडीत. मग अंगण, पाण्याच्या टाकीला वळसा, आणि मैदानाची भिंत. भिंत ओलांडली की सुटलो. मागे पट्टा कठड्यावर फटाफट वाजत यायचा. एकदा तर पळता पळता चड्डीतच झाली. सगळा जिना ओला. खालच्या काकूंनी कोण बोंब मारली होती!

हे सगळं मी बाईंना हसत हसत सांगितलं. त्या काहीतरी लिहून घेत होत्या. मग विचारलं, "आता घरी कसं असतं?" म्हटलं, मस्त. एकदम शांत.

१३ तारीख, शुक्रवार

चार एकोणतीस. काही लिहावंसं वाटत नाही. बूट बदलून पाहिले. बूट चांगले आहेत, पायच भिकार आहेत.

१५ तारीख, रविवार

आज पळालो! अरे, आज पळालो मी!

आजच्या टीमच्या डिफेंडरला त्यांची पोरं रेडा म्हणत होती. मान नाहीच त्याला, खांद्यावर थेट डोकं. कॉर्नरच्या वेळी त्यानं माझं कानशील कोपरानं शेकलं. मी गप्प बसणारा थोडाच? रेफ्रीची नजर चुकवून त्याच्या पोटरीवर स्टड ओढले, वरपासून खालपर्यंत. चामडी निघाली. तो वाकून कानात म्हणाला, "बॉल आला ना तुझ्याकडे, की पाय मोडून हातात देतो."

बॉल आला. मागून त्याची पावलं ऐकू आली. धप धप धप. आणि पाय सुटले. मी पळवले नाहीत, आपोआप सुटले. मैदानाचा अर्धा भाग कधी संपला कळलं नाही. गोल! तो तसाच पळत येऊन माझ्यावर आदळला, दोघंही जाळीत. त्यानं माझं तोंड मातीत घासलं. खालचा ओठ फाटून लोंबायला लागला, समोरचा दात अर्धा उडाला. लाल कार्ड घेऊन गेला बिचारा. मी रक्त थुंकत हसत होतो. कपाट म्हणाला, "तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

माझ्या लक्षात आलंय. पायात काही बिघाड नाही. मागे कुणीतरी हवं, बस.

१८ तारीख, बुधवार

खात्री करून घेतली. सरावाला कपाट वॉर्मअप करत होता, त्याच्या नडगीवर सणसणीत लाथ घातली आणि त्याच्या आईवरून एक शिवी हासडली. कपाटाची आई गेल्या वर्षी गेलीय. आधी त्याला समजलंच नाही. मग त्याचं तोंड लालबुंद झालं आणि तो माझ्यामागे लागला. काय पळालोय! दोन फेऱ्या. सरसुद्धा बघत राहिले.

शेवटी मीच थांबलो, त्याला समजावून सांगावं म्हणून. पण तो थांबायच्या मनःस्थितीत नव्हता. पोटात गुडघा, मग पाठीत दोन बुक्क्या. मी ओकलो. कळवळत त्याला सांगितलं, "अरे, तूच एक मित्र आहेस म्हणून तुला निवडलं." तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मला नुसतं विचारलं असतंस तरी पळालो असतो की तुझ्यामागे," म्हणाला.

पण तसं चालत नाही. ते खरं असावं लागतं.

२० तारीख, शुक्रवार

चार चोवीस. एकट्यानं पळायचं असतं ना! मागे कुणी पळायचं नाही, सरांचा नियम. कपाट लांबून ओरडत होता, पण तो आता चिडत नाही, त्याला माझी काळजी वाटते. त्याचा काय उपयोग?

घरी आल्यावर दारामागून पट्टा काढला. बरेच दिवस कुणी हात लावला नव्हता, धूळ बसलेली. पुसला आणि सहज एकदा फरशीवर वाजवला. फट्! माझ्याच हातानं वाजवला, तरी मांड्या अशा आवळल्या की बस. स्वयंपाकघरात आईच्या हातून ताट पडलं. धाकटी पलंगाखाली.

सत्तावीसला पट्टा न्यायचा. नियम माणसानं पळू नये असा आहे. पट्टा वाजवू नये असा नाही.

२२ तारीख, रविवार

आज जरा जास्तच झालं. त्यांच्या दोघा डिफेंडरना मी इतकं डिवचलं की दोघंही मॅचभर माझ्याच मागे. एकाच्या तोंडावर थुंकलो, दुसऱ्याच्या बोटांवर पाय दिला. भन्नाट पळालो. मॅच संपल्यावर ड्रेसिंग रूमच्या बोळात त्यांचे तिघंजण उभे होते. तिथे पळायला जागाच नव्हती, एका टोकाला भिंत. एकानं हात मागे पिरगाळले, दुसऱ्यानं नाकावर डोकं हाणलं. हाड मोडल्याचा आवाज आतून येतो, दोन्ही कानांच्या मधोमध. पडल्यावर लाथा मोजत होतो. अकरा. मग कुणीतरी आलं. बहुतेक काडी. तो मध्ये पडला आणि त्यानंही दोन खाल्ल्या.

"भाऊ, चला," म्हणाला. त्याच्या भुवईवर टाक्यांची खूण अजून लाल आहे. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

२३ तारीख, सोमवार

नाकात बोळे. बाईंनी आज पायाला हात लावला नाही. समोर बसून म्हणाल्या, "मागे कुणी नसेल तर?"

"मग पळायचं कशाला?" मी म्हटलं. विनोद होता. त्या म्हणाल्या, क्लबात एक डॉक्टर येतात, नुसतं बोलतात, त्यांना भेट. म्हटलं, सत्तावीस होऊ दे. वेड्यांच्या डॉक्टरकडे गेलो कळलं तर सर यादी लागायच्या आधीच नाव खोडतील.

२५ तारीख, बुधवार

पट्टा खिळ्याला नव्हता.

आईला विचारलं. ती इस्त्रीवरून मान वर न करता म्हणाली, "टाकला." कुठे टाकला? "कचऱ्यात. फार पूर्वीच टाकायला हवा होता." खाली जाऊन दोन्ही डबे उपसले, हात कोपरापर्यंत घाण. नव्हता. वर आलो तर धाकटीची नजर लाँड्रीच्या गाठोड्याकडे गेली आणि पटकन वळली. गाठोडं उलटं केलं. चादरीत गुंडाळलेला होता.

"मी लपवला, आईनं नाही," धाकटी म्हणाली. "दादा, तू नको ना घेऊस तो."

माझं अख्खं आयुष्य त्या पट्ट्यावर अडकलंय आणि ही बया लपाछपी खेळतेय! हात सुटला. एकच दिला, पोटरीवर. हलकाच. पण वळ उठला. विशेष म्हणजे ती पळालीच नाही. डोळे मिटून, हात कानांवर घेऊन तिथेच उभी. येडी कुठली. दार उघडं होतं! मी असतो तर एव्हाना अंगणात असतो. तिला तसं म्हटलंसुद्धा, "पळता येत नाही का तुला?"

आई मध्ये आली. हातात गरम इस्त्री, वायर भिंतीतून उपटलेली. माझ्या छातीपासून चार बोटांवर धरली. शर्टातून धग लागली. "परत तिला हात लाव," म्हणाली. "लावून बघ." बाबांसमोर ती कधी अशी उभी राहिली नाही. माझ्यासमोर बरी राहिली!

आणि एक चांगली गोष्ट घडली. बाबांना आवाज फुटला! डावा हात खुर्चीच्या हातावर दाणदाण आपटत होते आणि तोंडातून "न... न..." असं येत होतं. डोळ्यांतून पाणी. नऊ आठवड्यांत पहिल्यांदा. काय म्हणायचं होतं कोण जाणे. मला वाटतं, नीट धर म्हणत असावेत, मी पट्टा मधोमध धरला होता. डॉक्टरांना कळवायला हवं.

धाकटीला चॉकलेट आणलं होतं. घेतलं नाही.

२७ तारीख, शुक्रवार

जिन्यात बसून लिहितोय. ते का, ते पुढे.

सकाळी पट्टा बॅगेत घालून मैदानावर गेलो. कपाटाला बाजूला घेऊन सांगितलं, मी रेषेवर उभा राहिलो की मागे ये आणि सर हात खाली करतील तेव्हा हा जमिनीवर वाजव. जीव खाऊन. तो पट्ट्याकडे बघत राहिला. कडेला काळे डाग आहेत, ते त्यानं बोटानं चाचपले. "हे काय आहे?" म्हटलं, माझं आहे. "मी नाही करणार." म्हटलं, कपाट, गिरणीत फळ्या उचलेन मी, तुला चालेल? शेवटी त्यानं घेतला.

रेषेवर उभा राहिलो. नाकानं श्वास येत नव्हता. सरांचा हात वर. मागे कपाटाच्या बुटांखाली माती करकरली आणि मग फट्!

पुढचं आठवत नाही. पलीकडच्या जाळीत जाऊन आदळलो तेव्हा भान आलं. सरांनी घड्याळ बघितलं, पुसलं, पुन्हा बघितलं. तीन एकोणनव्वद. तीन एकोणनव्वद! पोरांनी उचलून घेतलं. काडीनं टाळ्या वाजवल्या, त्याचं नाव यादीत नाही तरी. माझं आहे. सातव्या नंबरावर, सरांच्या हस्ताक्षरात. सर म्हणाले, "राजे, कुठे होता इतके दिवस?"

कपाट तेवढा आला नाही. पट्टा माझ्या बॅगेवर टाकून म्हणाला, "परत मला हे सांगू नकोस. पळताना तुझं तोंड कसं झालं होतं माहितेय का?" त्याला काय, त्याला कधी पळावं लागलं नाही. बाई कुंपणापाशी उभ्या होत्या. त्यांनीही टाळ्या वाजवल्या नाहीत. जळतात काही माणसं.

घरी सुसाट आलो. चोपन्न पायऱ्या तीन तीन करत. पट्टा हातातच होता, त्याच्यामुळे तर झालं सगळं. दार ढकललं, "आई, लागलं नाव!" असं काहीतरी ओरडलो. धाकटी बाबांना चमच्यानं भरवत होती. तिनं माझ्या हाताकडे बघितलं. चमचा पडला. आणि या वेळी ती पळाली.

काय पळाली! माझ्या काखेखालून निसटली, बाहेर, जिना. मी हसायलाच लागलो. "अगं थांब, गंमत आहे, ऐक तर!" म्हणत मागे गेलो. पट्टा कठड्याला लागून वाजत होता, मुद्दाम नाही, जिना अरुंद आहे. ती थांबेना. तीन तीन पायऱ्या घेत होती, कुणी शिकवलं तिला कोण जाणे. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी पाणी सांडून ठेवलं होतं, त्यावरून माझा पाय घसरला आणि गुडघा फुटला. तरी पळालो. आज मी तीन एकोणनव्वदवाला, माझ्या आयुष्यातला सगळ्यात वेगवान दिवस, आणि अंगणात ती माझ्या पुढेच. टाकीला वळसा. भिंतीवर चढली तेव्हा मी दहा हात मागे होतो. वर बसून तिनं एकदा वळून बघितलं. पायात चप्पल नाही, फ्रॉक ओला, पोटरीवर बुधवारचा वळ. मी हात हलवला. ती पलीकडे उडी मारून गेली.

मी तिथेच धापा टाकत उभा राहिलो. अंग शहारलं होतं. बारा वर्षांची पोर, अनवाणी! आमच्या घराण्यात आहेच हे.

वर आलो तर आईनं दार आतून लावून घेतलंय. दोनदा वाजवलं. "यादीत नाव लागलं गं, सातवा नंबर!" म्हणून सांगितलं. आत बाबांचा हात खुर्चीवर आपटतोय, ते तेवढं ऐकू येतंय. दार उघडेल थोड्या वेळानं, जाईल कुठे?

सोमवारी धाकटीला मैदानावर नेणार. क्लब मुलींची टीम काढतोय असं सर म्हणत होते. तिला तीस मीटरला नक्की किती वेळ लागतो ते बघायला हवं, सरांचं घड्याळ मागून घेईन. कपाट नाही म्हणतो, तर हरकत नाही. तिच्यामागे पट्टा मीच धरीन.